कोणत्या साली आलात?

मायामी विमानतळाच्या पश्चिमेला डोराल नावाचं शहर आहे. २००३ मध्ये त्याची स्वतंत्र नगरपालिका झाली. आज तिथल्या रहिवाशांपैकी तिसरा हिस्सा तरी मूळचा व्हेनेझुएलाचा आहे, म्हणून सगळे त्याला ‘डोरालझुएला’ म्हणतात. सकाळी तिथल्या बेकऱ्यांत मक्याच्या पिठाचे आरेपा आणि हॅम भरलेले काचितो घ्यायला गर्दी असते. तिथून ईशान्येला पाऊण तास गाडी चालवली की समुद्राकाठी सनी आइल्स बीच लागतं. तिथे उंच काचेचे टॉवर, रशियन पाट्यांची दुकानं आणि दवाखाने. या गावालाही टोपणनाव आहे, ‘लिटल मॉस्को’.

या दोन गावांच्या मधोमध एका छोट्या टॅक्स ऑफिसात मी काम करते. जानेवारी संपता संपता सीझन सुरू होतो आणि १५ एप्रिलपर्यंत दोन्हीकडची माणसं माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतात. त्यांचा पगार, भाडं, मुलं, कर्ज, गावी पाठवलेले पैसे, सगळं कागदावर उतरतं. त्यामुळे गेल्या गणपतीत मंडळाच्या पंगतीत एका काकांनी जे म्हटलं ते ऐकून मला गप्प बसवलं नाही. काका म्हणाले, “रशियन बघ, आले की दहा वर्षांत फ्लॅट घेतात. हे व्हेनेझुएलावाले अजून जेवणाचे डबे पोचवतायत. शेवटी संस्कृतीचा फरक असतो.”

मी म्हटलं, “काका, कोणत्या साली आलेल्या रशियनांबद्दल बोलताय तुम्ही?”

पंगतीत वाढप चालू होतं, बोलणं अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करते.

पन्नास वर्षं मागे जाऊ. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि व्हेनेझुएलात पैशाचा पूर आला. १९७६ च्या १ जानेवारीला तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी पॅरिसहून काराकासला काँकॉर्ड विमान सुरू झालं. डॉलरचा भाव ठरलेला होता, ४.३० बोलिव्हार. त्या भावाने काराकासच्या साध्या मध्यमवर्गीय कुटुंबालाही मायामी स्वस्त पडायचं. शनिवार-रविवार विमानाने यायचं, टीव्ही, कपडे, परफ्यूम घ्यायचे आणि सुटकेसा भरून परत जायचं. ‘ता बारातो, दामे दोस’, स्वस्त आहे, दोन द्या, हे वाक्य मायामीच्या दुकानदारांनी त्यांच्याच तोंडून इतकं ऐकलं की ते त्यांचं नावच होऊन बसलं. देशात बांधकामाला, शेतीला, घरकामाला लाखो कोलंबियन येत. पोर्तुगाल आणि इटलीहून आलेल्यांच्या बेकऱ्या आणि किराणा दुकानं काराकासभर होती. माणसं तिकडे जायची, तिकडून यायची नाहीत.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर सोव्हिएत संघातून ज्यू कुटुंबं येत होती. व्हिएन्ना आणि रोममध्ये महिनोन्‌महिने थांबून, सोव्हिएत नागरिकत्व गमावून आणि ते गमावण्याचे पैसेही स्वतःच भरून. माणशी शंभरेक डॉलर आणि ठरावीक सामान, एवढंच बाहेर नेता यायचं. ओडेसाचा इंजिनिअर टॅक्सी चालवत होता, लेनिनग्राडची शिक्षिका म्हाताऱ्यांची देखभाल करत होती. तेव्हा कुणी ‘व्हेनेझुएलन आणि रशियन, कोण सुखात?’ असं विचारलं असतं, तर काकांचं संस्कृतीचं उत्तर नेमकं उलटं आलं असतं.

ब्रायटन बीचवरची ती माणसं पुढे सावरली. त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. माझ्याकडे येणाऱ्या त्या पिढीच्या आजी-आजोबांच्या हातांकडे पाहिलं तरी कळतं. पण ते कशाच्या आधारावर सावरले हेही सांगायला हवं. बहुतेकांना निर्वासिताचा दर्जा होता. आल्या दिवसापासून काम करायची परवानगी, वर्षभराने ग्रीन कार्ड, पाच वर्षांनी नागरिकत्व. १९८९ च्या लाउटेनबर्ग दुरुस्तीने तर सोव्हिएत ज्यूंना निर्वासित ठरवण्याचे निकषच सोपे केले. ज्यू समाजाच्या मदतसंस्थांनी घर शोधून दिलं, इंग्रजीचे वर्ग चालवले. म्हाताऱ्यांना सरकारी भत्ता आणि मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा मिळाला, त्यामुळे मिळवत्या मुलांच्या पगारातून आईवडिलांचं औषधपाणी वजा होत नव्हतं. मग टॅक्सी चालवणाऱ्या इंजिनिअरने प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला. दोन वर्षं कमी कमवून शिकायचं, तिसऱ्या वर्षी दुप्पट कमवायचं, हा हिशेब त्याला करता आला, कारण तिसऱ्या वर्षी आपण इथेच असू याची त्याला खात्री होती.

या खात्रीची किंमत कुठल्याच उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही. मला ती रोज दिसते.

व्हेनेझुएलाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. १८ फेब्रुवारी १९८३, ‘काळा शुक्रवार’, तेव्हा ४.३० चा भाव मोडला. १९८९ मध्ये काराकासमध्ये दंगली झाल्या. १९९९ मध्ये ह्युगो चावेझ राष्ट्राध्यक्ष झाले. २००२-०३ च्या तेल संपानंतर सरकारी तेल कंपनीतून अठरा हजारांवर लोकांना काढलं. त्यांतले कितीतरी अनुभवी इंजिनिअर आणि भूगर्भतज्ज्ञ कॅनडातल्या कॅल्गरीला आणि ह्यूस्टनजवळच्या केटीला गेले. कंपन्यांनी त्यांना व्हिसा दिला, पगार दिला, मुलांच्या शाळा पाहून दिल्या. केटीलाही आता ‘केटीझुएला’ म्हणतात. त्या लोकांना गरीब म्हणायला कुणाची जीभ धजावणार नाही, आणि तेही तेवढेच व्हेनेझुएलन आहेत.

मग २०१४ नंतरचं कोसळणं. सात-आठ वर्षांत अर्थव्यवस्था जवळजवळ तीन चतुर्थांश आटली. २००८, २०१८ आणि २०२१ अशा तीन वेळा नोटांवरची शून्यं काढली, एकूण चौदा. २०१४ पासून ७५ लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. देशाची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास होती, म्हणजे चारातलं एक माणूस गेलं.

इथे थांबून रशियाकडे पाहिलं की तुलनेतली गोम कळते. युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, आणि विशेषतः २१ सप्टेंबर २०२२ च्या सैन्यभरतीच्या हुकुमानंतर, रशियातून साडेसहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसं बाहेर पडली असे अंदाज आहेत. साडेचौदा कोटींच्या देशातून. शंभरात एकही नाही. शंभरातलं एखादंच माणूस देश सोडतं तेव्हा ते बहुधा लॅपटॉपवर काम करणारं, इंग्रजी येणारं, तिकिटाचे पैसे हाताशी असलेलं असतं. चारातलं एक जातं तेव्हा डॉक्टर जातो, गवंडी जातो, नापास झालेला पोरगा जातो, दोन मुलांना घेऊन एकटी बाई जाते. एका बाजूला देशातून चाळून निघालेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला सबंध समाजाचाच लचका. या दोघांच्या सरासरी उत्पन्नाची तुलना करून माणसांचे गुण कसे ठरवायचे?

तरीही अमेरिकेत पोचलेले व्हेनेझुएलन इथल्या लॅटिन अमेरिकी समाजांत सर्वांत जास्त शिकलेल्यांमध्ये मोडतात. पंचविशीच्या पुढच्या निम्म्याच्या आसपास लोकांकडे पदवी आहे. माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेला अन्न पोचवणारा माणूस कधी पेट्रोकेमिकल इंजिनिअर असतो, कधी दातांचा डॉक्टर. दातांच्या डॉक्टरला इथे दवाखाना काढायचा तर पुन्हा परीक्षा, पुन्हा शिक्षण, मोठं कर्ज. ब्रायटन बीचच्या इंजिनिअरने केला तो हिशेब याने का केला नाही?

कारण त्याच्याजवळचा कागद अठरा महिन्यांचा होता. मार्च २०२१ मध्ये व्हेनेझुएलनांना तात्पुरतं संरक्षण मिळालं, टीपीएस. नावातच तात्पुरतं. २०२३ मध्ये नंतर आलेल्यांसाठी ते वाढवलं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून प्रायोजक असलेल्यांना पॅरोलवर, म्हणजे तात्पुरत्या प्रवेशपरवानगीवर, दोन वर्षांसाठी येता आलं. दोन्हींत कामाची परवानगी होती, पण दोन्हींपैकी कशातूनही ग्रीन कार्डाकडे सरळ रस्ता नव्हता. असा कागद हातात असला की काय होतं ते मी फायलींत पाहते. घराचं कर्ज द्यायला बँक कां-कूं करते. फ्लोरिडात गाडीचा परवाना कागदाच्या तारखेपर्यंतच मिळतो, आणि तो संपला की पोचवण्याचं कामही संपतं. मालक बढती देताना विचार करतो. दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स घ्यावा तर दुसऱ्या वर्षी आपण कुठे असू ते माहीत नाही. मग माणूस आज पैसे देणारं काम धरतो, आठवड्याला साठ-सत्तर तास, १०९९ या फॉर्मवर, म्हणजे पगारी नोकर नव्हे तर कंत्राटी म्हणून, विमा नाही, रजा नाही. पाहणाऱ्याला वाटतं यांना पुढचा विचार नाही. पुढचा विचार करायला पुढचं वर्ष आपलं असावं लागतं.

२०२५ मध्ये तर तेही गेलं. सरकारने २०२३ चं संरक्षण काढून घेतलं, १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते काढायला वाट मोकळी करून दिली, आणि सुमारे साडेतीन लाख माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. मे अखेरीस पॅरोलवाल्यांचं तेच झालं. नोव्हेंबरमध्ये २०२१ वाल्यांची मुदतही संपली. एका वर्षात लोकांचं उत्पन्न घटलं, आणि त्यात त्यांच्या कष्टांचा किंवा संस्कृतीचा काडीचा संबंध नव्हता. मला याचा संताप येतो. ज्याने दर वर्षी वेळेवर कर भरला, ज्याची मुलं इथल्या शाळेत निबंध लिहून बक्षिसं आणतात, त्याला एका सकाळी कळतं की कालपर्यंत कायदेशीर असलेलं काम आज कायदेशीर नाही.

हे मला इतकं लागतं याला कारण आहे. पुण्यात सीएच्या ऑफिसात काम करून मी इथे आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून, आणि त्या व्हिसावर काम करायची बंदी होती. हिशेब येत होते, हात रिकामे होते. २६ मे २०१५ पासून आमच्यापैकी ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला होता त्यांना परवानगी मिळाली. त्या तारखेच्या आधीची मी आणि नंतरची मी, हुशारी तीच, स्वभाव तोच. उत्पन्न शून्यावरून सुरू झालं. अमेरिकेतल्या भारतीयांच्या सुबत्तेचे आकडे मंडळात अभिमानाने सांगितले जातात तेव्हा मला वाटतं, नोकरी देणाऱ्या कंपनीने निवडून आणलेल्या माणसांचे ते आकडे आहेत. आपणही चाळून आलेले आहोत.

आता आकड्यांकडेच वळते, कारण रशियनांच्या श्रीमंतीचा बराचसा समज त्यांच्यातूनच निघतो. जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीत वंश विचारतात. स्वतःला रशियन वंशाचे म्हणवणारे वीस लाखांहून जास्त लोक आहेत आणि त्यांचं कौटुंबिक उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा बरंच वर असतं. पण यातल्या बहुसंख्यांचा जन्म अमेरिकेतलाच. १८८१ नंतर झारच्या साम्राज्यातल्या ज्यूविरोधी दंगलींतून आणि दारिद्र्यातून पळालेल्यांची ही पणतवंडं-खापरपणतवंडं. १९२४ च्या कायद्याने दार बंद होईपर्यंत पूर्व युरोपातून, मुख्यतः या साम्राज्यातून, वीसेक लाख ज्यू इथे आले, शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत डॉक्टर-वकील झाले. व्हेनेझुएलन मात्र वेगळ्या प्रश्नातून मोजले जातात, हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतलं, मूळ कोणतं या, आणि त्यातले बरेच गेल्या दहा वर्षांत विमानातून उतरलेले किंवा कोलंबिया-पनामा सीमेवरचं दारिएनचं जंगल पायी तुडवून आलेले. २०२३ या एका वर्षात पाच लाखांवर माणसांनी ते जंगल ओलांडलं, त्यात निम्म्याहून जास्त व्हेनेझुएलन होते. शंभर वर्षं मुरलेल्या समाजाशेजारी त्यांना उभं करून उंची मोजायची, हे मला मान्य नाही.

उत्पन्नापेक्षाही मोठा फरक मात्र एका वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो मला फायलींनीच शिकवला. सनी आइल्सचे काही रशियन भाड्याचं उत्पन्न दाखवतात, मॉस्कोतल्या फ्लॅटचं. तो फ्लॅट आला कुठून? जुलै १९९१ च्या खाजगीकरणाच्या कायद्याने सोव्हिएत कुटुंबांना ते राहत असलेली सरकारी घरं जवळजवळ फुकट नावावर करून घेता आली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, महागाई अडीच हजार टक्क्यांवर गेली आणि बँकेतली बचत मातीमोल झाली. १७ ऑगस्ट १९९८ ला रूबलही बुडाला. पण भिंती राहिल्या. तेलाच्या तेजीत मॉस्कोतल्या घरांचे भाव आभाळाला भिडले आणि आजीचा दोन खोल्यांचा फ्लॅट नातवाची परदेशातली शिदोरी झाला. काराकासच्या कुटुंबाकडेही फ्लॅट होता, पुष्कळदा मोठा आणि डोंगर दिसणारा. निघायच्या वेळी त्याला गिऱ्हाईक नव्हतं. मिळेल त्या डॉलरांना विकला, नाहीतर कुलूप लावून किल्ली मावशीकडे दिली. म्हणून पैसा कुठून कुठे वाहतो ते दोन्हीकडे उलटं आहे. रशियन कुटुंबाला पहिली काही वर्षं मागून आधार येतो. व्हेनेझुएलन कमावू लागल्याच्या पहिल्याच महिन्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी झेल या पैसे पाठवायच्या सेवेवरून पैसे पाठवतो. दोघांचा पगार सारखा असला तरी पाच वर्षांनी शिल्लक सारखी कशी असेल?

२०२२ नंतर रशियन पैशावर निर्बंध आले आणि गणित तिथेही बदललं. त्या वर्षी मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला, तिकडच्या बँकांची कार्डं बाहेर चालेनाशी झाली. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिका-रशिया करार स्थगित आहे, दुहेरी करापासून वाचवणारा. आणि याच वर्षांत मेक्सिकोच्या सीमेवरून आश्रय मागत हजारो रशियन आले. यांच्या मागे फ्लॅट असलाच तर तो विकायला मॉस्कोला परतण्याची सोय नाही. अर्ज प्रलंबित, कामाची परवानगी उशिरा, मग ट्रक किंवा डिलिव्हरी. माझ्या टेबलावर या माणसांची फाइल आणि डोरालच्या माणसाची फाइल शेजारी ठेवली, नावं झाकली, तर ओळखता येत नाही. तोच १०९९, तीच पेट्रोलची पावती, तोच १५.३ टक्के स्वयंरोजगार कर.

फ्लोरिडाबाहेरचंही थोडं सांगते. जॉर्जिया आणि आर्मेनियात २०२२ मध्ये रशियन आले आणि तिबिलिसी-येरेवानमध्ये भाडी इतकी चढली की तिथल्या विद्यार्थ्यांना खोल्या परवडेनात. पण त्यांच्या परदेशी पगारांमुळे आणि पैशांच्या ओघामुळे त्या वर्षी जॉर्जियाची अर्थव्यवस्था दहा टक्क्यांहून जास्त वाढली, आर्मेनियाची बारांहून. आपल्याकडे गोव्यात मोरजी-हरमलला रशियन पाट्या त्याआधीपासूनच आहेत. तिथला खोलीमालक रशियनांकडे मुख्यतः गिऱ्हाईक म्हणून पाहतो. कोलंबियात अठ्ठावीस लाखांच्या घरात व्हेनेझुएलन आहेत आणि ते तिथल्याच मजुरी बाजारात उतरलेत, म्हणून तिथल्या गरीब माणसाला ते डोळ्यांत खुपतात. तरी कोलंबियाने एक मोठं काम केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दहा वर्षांच्या संरक्षणाची घोषणा केली. अठरा महिने नाही, दहा वर्षं. श्रीमंत अमेरिकेला जे सुचलं नाही ते कोलंबियाला सुचलं. एके काळी त्यांचीच माणसं शेजाऱ्याकडे पोटासाठी गेली होती, ही आठवणही त्यामागे असणार असं मला वाटतं.

या सीझनला एक व्हेनेझुएलन जोडपं आलं होतं. दोघांची परवानगी संपलेली, आश्रयाच्या अर्जाचा निकाल नाही. नवऱ्याने विचारलं, “आम्ही सोशल सिक्युरिटीत जे भरलं, ते परत गेलो तर मिळतं का?”

म्हातारपणीच्या पेन्शनसाठी चाळीस क्रेडिट लागतात, म्हणजे दहा वर्षांचं काम. त्याआधी थांबलं तर भरलेल्याचं पेन्शन होत नाही. काही देशांशी अमेरिकेचा करार आहे, दोन्हीकडची वर्षं जोडून धरायचा. व्हेनेझुएलाशी नाही. रशियाशी नाही. भारताशीही नाही, म्हणून सहा-सात वर्षं इथे राबून पुण्या-मुंबईला परतलेली आपली मुलंही हा पैसा मागे टाकूनच येतात. मी त्या दोघांना ते स्पष्ट सांगितलं, आणि तरीही या वर्षाचं रिटर्न भरा असं सांगितलं, कारण उद्या कुठलंही दार उघडलं तर पहिल्यांदा हेच कागद मागतील. एखाद्याला वर्षानुवर्षं कामाची परवानगी द्यायची, त्याच्या कमाईतून दर वेळी पेन्शनचा हिस्सा कापायचा आणि दहा वर्षं भरायच्या आत परवानगी काढून घ्यायची, तर निदान त्याचा हिस्सा त्याच्या हातात परत ठेवायला हवा. डोरालच्या माणसाच्या, सनी आइल्सला नुकत्याच आलेल्याच्या आणि आपल्याही.